अरुंधतीचा तारा किती मोठा, किती दूर आणि खरोखर पांढरा आहे का?

कोथरूडमधील एका वाचकाने विचारले आहे की, लग्नात सप्तपदीनंतर गुरुजींनी भर दुपारी उत्तरेकडे हात करून अरुंधतीदर्शन घ्यायला सांगितले. पुढे मे महिन्यातल्या एका रात्री गच्चीवरून सप्तर्षी ओळखता आले, वसिष्ठही सापडला, पण त्याच्या शेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांना दिसली नाही आणि बायनॉक्युलरमधून मात्र एक बारीक पांढरा ठिपका स्पष्ट दिसला. हा तारा लहान आहे म्हणून अंधुक दिसतो का, तो खरोखर पांढरा आहे का, आणि ‘वसिष्ठ व अरुंधती एकमेकांभोवती फिरतात, इतर कोणत्याही जोडताऱ्यात असे घडत नाही’ असा जो संदेश लग्नसराईत फिरतो त्यात तथ्य किती, हे त्यांचे प्रश्न आहेत. पुण्यात आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेताना हे प्रश्न मला वारंवार विचारले जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अंधुकपणाचे पाहू. ताऱ्याचे दिसणारे तेज ‘प्रत’ या एककात सांगतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीचपट फरक. अरुंधतीची प्रत ३.९९ आहे, वसिष्ठाची सुमारे २. याचा अर्थ वसिष्ठ तिच्यापेक्षा सुमारे सहापट तेजस्वी दिसतो. निखळ काळोख्या ठिकाणी नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, म्हणजे अरुंधती त्या मर्यादेवरच्या ताऱ्याहून सहापटींपेक्षाही अधिक तेजस्वी आहे. या दोन ताऱ्यांमधले कोनीय अंतर जवळजवळ १२ कला, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. निरोगी डोळा तर एक-दोन कलांवरचे दोन बिंदूही वेगळे करू शकतो. अरबस्तानापासून आपल्याकडेपर्यंत अनेक ठिकाणी या जोडीला दृष्टीची कसोटी मानले गेले आहे, परंतु आज कोथरूडच्या गच्चीवर अरुंधती दिसत नाही याचा दोष आपल्या डोळ्यांकडे जात नाही. रस्त्यावरच्या दिव्यांनी आणि धुळीने उजळलेल्या आकाशात चौथ्या प्रतीचा तारा बुडून जातो, एवढेच त्याचे कारण आहे. बायनॉक्युलर पार्श्वभूमीच्या उजेडावर मात करते, त्यामुळे त्यातून तो लगेच वर येतो.

तारा अंधुक दिसणे आणि तो लहान असणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अरुंधतीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. हिपार्कोस या युरोपीय उपग्रहाने तिचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जागेत भासणारा बदल, मोजला तो ०.०४ विकलेच्या (एक विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जवळपास भरला. त्यावरून तिचे अंतर २५ पार्सेक, म्हणजे सुमारे ८२ प्रकाशवर्षे येते. हे अंतर आणि दिसणारी प्रत एकत्र घेतली की ताऱ्याचे मूळ तेज काढता येते: अरुंधती सूर्याच्या सुमारे चौदापट प्रकाश बाहेर टाकते. आता याच अंतरावर आपला सूर्य नेऊन ठेवला असे मानून गणित करावे. सूर्याची निरपेक्ष प्रत, म्हणजे दहा पार्सेकवरून दिसेल ती प्रत, ४.८३ आहे, २५ पार्सेकवरून तो ६.८ प्रतीचा दिसेल. म्हणजे अरुंधतीच्या जागी सूर्य असता, तर भीमाशंकरच्या काळोखातूनही तो कोणाच्या नुसत्या डोळ्यांना दिसला नसता आणि वसिष्ठाच्या शेजारी कोणीतरी आहे हे प्राचीन काळी कोणाच्या लक्षातही आले नसते. ती ‘बारीक’ दिसते याला एक तर तिचे अंतर कारणीभूत आहे आणि दुसरे म्हणजे तिचा शेजार: वसिष्ठ म्हणून जो एक ठिपका आपण पाहतो, तो प्रत्यक्षात चार ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश आहे.

अरुंधतीचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.८ पट आणि त्रिज्या जवळजवळ १.९ पट आहे. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ८,००० केल्विन. सूर्याचे ५,७७२ केल्विन. पांढऱ्या रंगाचे उत्तर या तापमानात आहे. इतक्या तापलेल्या पृष्ठभागातून दृश्य वर्णपटाच्या निळ्या टोकापासून तांबड्या टोकापर्यंत सर्व रंगांचा प्रकाश भरपूर येतो, निळ्याचा वाटा किंचित अधिक असतो, आणि आपल्या डोळ्याला त्याचे मिश्रण पांढरे भासते. ताऱ्यांचे वर्णपटावरून, म्हणजे मुख्यतः तापमानानुसार, जे वर्ग पाडतात त्यांत तिचा वर्ग ए५ आहे. अभिजित आणि व्याध हेही ए वर्गातलेच पांढरे तारे, मात्र अरुंधतीहून अधिक तप्त. येथे एक खुलासा आवश्यक आहे. अंधुक प्रकाशात आपल्या नेत्रपटलावरच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, म्हणून चौथ्या प्रतीचा कोणताही तारा, मग तो मुळात नारिंगी असला तरी, नुसत्या डोळ्यांना पांढरट राखाडीच दिसतो. तेव्हा अरुंधती आपल्याला पांढरी दिसली हा तिच्या पांढरेपणाचा पुरावा होत नाही. पुरावा मिळतो तो वेगवेगळ्या गाळण्यांमधून तिचे तेज मोजल्यावर आणि वर्णपट घेतल्यावर. या ताऱ्याच्या बाबतीत डोळ्याचा अनुभव आणि मोजमाप जुळतात, पण शेजारच्या अनेक ताऱ्यांच्या बाबतीत ते जुळत नाहीत.

‘पांढरा तारा’ म्हटले की काही जण श्वेतबटूची कल्पना करतात, तीही बाजूला ठेवावी. श्वेतबटू म्हणजे मृत ताऱ्याचा पृथ्वीएवढा उरलेला गाभा, आणि आकाशातला एकही श्वेतबटू नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. अरुंधती हा मुख्य श्रेणीतला, गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम करणारा जिवंत तारा आहे.

मला स्वतःला या ताऱ्याची सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे त्याची स्वतःभोवती फिरण्याची गती. अरुंधतीच्या वर्णपटात हायड्रोजनच्या ठळक काळ्या रेषा आहेत, परंतु धातूंच्या ज्या रेषा एरवी बारीक आणि रेखीव असायला हव्यात त्या पसरलेल्या, पुसट दिसतात. तारा फिरत असताना त्याची एक कड आपल्याकडे येते आणि दुसरी दूर जाते. डॉप्लर परिणामामुळे एका कडेचा प्रकाश निळ्याकडे आणि दुसऱ्या कडेचा तांबड्याकडे सरकतो, आणि संपूर्ण बिंबाचा प्रकाश एकत्र मिळत असल्याने रेषा रुंद होते. ती रुंदी मोजून अरुंधतीच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला किमान दोनशे किलोमीटरांच्या पुढे असल्याचे निघते. सूर्याचा हाच वेग सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर आहे. किमान म्हणण्याचे कारण असे की आपल्याला फक्त दृष्टिरेषेवरचा वेग मोजता येतो. ताऱ्याचा अक्ष आपल्याकडे कललेला असेल तर खरा वेग याहून अधिक असणार. त्रिज्या आणि हा वेग धरून हिशेब केला तर अरुंधतीला एक फेरी पूर्ण करायला अकरा तासांच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळ लागतो. सूर्य सुमारे पंचवीस दिवस घेतो. अशा वेगाने फिरणारा तारा गोल राहत नाही, विषुववृत्ताशी फुगतो आणि ध्रुवांशी चपटा होतो. त्यामुळे ध्रुवाकडचा भाग अधिक तप्त आणि विषुववृत्ताकडचा तुलनेने थंड असतो. वर दिलेले ८,००० केल्विन म्हणूनच एक सरासरी आकडा समजावा.

सूर्य इतका सावकाश का आणि अरुंधती इतकी वेगवान का? सूर्यासारख्या ताऱ्यांच्या बाहेरच्या थरात उकळत्या वायूचे जोरदार अभिसरण चालते, त्यातून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि ताऱ्यातून सुटणारा वारा त्या क्षेत्राला धरून बाहेर जाताना ताऱ्याची परिवलन गती हळूहळू काढून घेतो. ए वर्गातल्या ताऱ्यांना असा जाड अभिसरणाचा थर नसतो, म्हणून त्यांना हा ब्रेक लागत नाही आणि जन्मतः मिळालेली गती ते बहुतांशी टिकवून ठेवतात.

यातून एक कोडे उभे राहिले होते. अभिसरण नाही, बलवान चुंबकीय क्षेत्र नाही, तर तप्त प्रभामंडळही (ताऱ्याभोवतीचे विरळ बाह्य वातावरण) नाही, आणि प्रभामंडळ नाही म्हणजे क्ष-किरण येता कामा नयेत. तरीही रोसॅट या क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रहाला अरुंधतीच्या दिशेने क्ष-किरण येताना आढळले. २००९ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे, ताऱ्याचा झगमगाट दाबून टाकणारी उपकरणे वापरून, अरुंधतीपासून जेमतेम १.१ विकला अंतरावर एक अंधुक सोबती शोधून काढला. त्यांपैकी एका गटाने पालोमारच्या पाच मीटर व्यासाच्या हेल दुर्बिणीतून निरीक्षणे केली होती. हा सोबती तांबडा बटुतारा, म्हणजे लहान आणि तुलनेने थंड तारा आहे, त्याचे वस्तुमान सूर्याच्या पाव ते तीन दशांश, आणि असे बटुतारे क्ष-किरण सोडण्यात चांगलेच तयार असतात. अरुंधतीपासून तो किमान २८ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर), म्हणजे साधारण सूर्य ते नेपच्यून एवढ्या अंतरावर आहे, आणि त्या अंतरावरून त्याला एक प्रदक्षिणा घालायला शतकाच्या आसपास काळ लागावा. अशा रीतीने अरुंधतीही एकटी नाही; वसिष्ठाचे चार आणि तिचे दोन मिळून हे सहा ताऱ्यांचे कुटुंब झाले.

आता लग्नसराईतल्या संदेशाकडे वळतो. त्यात असे म्हटलेले असते की इतर जोडताऱ्यांत एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो, फक्त वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फिरतात, म्हणून ती आदर्श दांपत्याची खूण ठरली. भावना चांगली आहे, पण भौतिकशास्त्र तसे नाही. गुरुत्वाने बांधलेल्या कोणत्याही दोन वस्तू आपल्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. पृथ्वी आणि चंद्र तसे फिरतात, सूर्य आणि गुरूही तसेच फिरतात, आणि आकाशातला प्रत्येक जोडतारा याच नियमाने चालतो. एक स्थिर आणि दुसरा फिरता अशी जोडी अस्तित्वातच नाही. वसिष्ठाच्या चार ताऱ्यांचे एकत्रित वस्तुमान अरुंधती आणि तिच्या सोबत्याच्या सुमारे चौपट आहे, त्यामुळे ही दोन्ही कुळे परस्परांना बांधलेली असतील तर वस्तुमानकेंद्र वसिष्ठाच्या बरेच जवळ पडेल आणि अरुंधतीची कक्षा त्याच्या कक्षेच्या सुमारे चौपट मोठी असेल. म्हणजे संदेशात अपेक्षिलेली समसमान जोडी तिथे नाहीच.

‘बांधलेली असतील तर’ असे मी मुद्दाम म्हणतो. आकाशात दिसणाऱ्या १२ कलांचे २५ पार्सेकवर रूपांतर केले तर दोघांमध्ये किमान सुमारे १७,७०० खगोलीय एककांचे अंतर निघते. खोलीतला फरक धरला तर ते याच्या कित्येक पट असू शकते. १७,७०० एककांची कक्षा धरली तरी एका फेरीला सात लाख वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि अंतर चौपट असेल तर साठ लाख वर्षे. मानवाने लेखन सुरू केल्यापासून ही प्रदक्षिणा फार तर दोन-तीन अंश पुढे गेली असेल; ती कोणी पाहून ठेवली असणे शक्य नाही. दोन्ही तारे आकाशात जवळजवळ एकाच दिशेने, वर्षाला सुमारे ०.१२ विकला या निजगतीने (आकाशातल्या स्वतःच्या सरकण्याच्या गतीने) सरकत आहेत, आणि त्यांच्या गतींतला फरक इतका अल्प आहे की ती सहा ताऱ्यांची गुरुत्वबद्ध व्यवस्था असावी असे मत २००९ नंतर बळकट झाले आहे. मीही ते मान्य करतो.

प्रदक्षिणा प्रत्यक्ष दिसते ती वसिष्ठाच्या आत. १६१७ मध्ये गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेली याने दुर्बिणीतून वसिष्ठ हाच जोडतारा असल्याचे पाहिले. त्याचे दोन घटक १४ विकलांवर आहेत. पुढे १८८९ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केले की त्यांतल्या तेजस्वी घटकाच्या वर्णपटातल्या रेषा ठरावीक काळाने दुहेरी होतात, म्हणजे तोही दोन ताऱ्यांचा आहे. वर्णपटावरून ओळखला गेलेला हा पहिला जोडतारा. त्या दोघांची फेरी अवघ्या साडेवीस दिवसांची आहे. ज्यांना परस्परांभोवती फिरणारी समसमान जोडी हवी आहे त्यांना मी नेहमी हीच जोडी सुचवतो, कारण त्या दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने खरोखरच जवळजवळ सारखी आहेत.

वयाच्या बाबतीत अरुंधती सूर्यापुढे अगदी तरुण आहे. १८६९ मध्ये रिचर्ड प्रॉक्टर यांनी दाखवून दिले की सप्तर्षींपैकी पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाच तारे अवकाशातून एकाच दिशेने चालले आहेत. क्रतू आणि मरीची मात्र त्यांत नाहीत, ते केवळ त्याच दिशेला दिसणारे परके तारे आहेत. अरुंधती या पाचांच्या कळपातली आहे. हे सारे एकाच मेघातून सुमारे ४० ते ५० कोटी वर्षांपूर्वी जन्मले. सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे. परंतु जड तारा आपले इंधन उधळपट्टीने जाळतो, त्यामुळे अरुंधतीचे मुख्य श्रेणीतले आयुष्य दीड-दोन अब्ज वर्षांचेच आहे, सूर्याचे सुमारे दहा अब्ज. सूर्य अजून मध्यमवयात असतानाच ती फुगून तांबडी राक्षसी तारका होईल आणि शेवटी श्वेतबटू होऊन उरेल.

महाभारताच्या भीष्मपर्वात अपशकुनांच्या यादीत अरुंधतीने वसिष्ठाला मागे टाकल्याचा उल्लेख आहे आणि त्यावरून युद्धाचा काळ काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. पुण्यात व्याख्यान असले की हा विषय हमखास निघतो. सध्या वसिष्ठ याम्योत्तर वृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा, ओलांडतो आणि त्यानंतर ७८ सेकंदांनी अरुंधती ओलांडते. हा क्रम पृथ्वीच्या अक्षाच्या सुमारे २५,८०० वर्षांच्या परांचनामुळे, म्हणजे भोवऱ्यासारख्या डुलण्यामुळे, बदलू शकतो, ताऱ्यांच्या परस्परसापेक्ष हालचालीमुळे नव्हे, कारण पाच हजार वर्षांत त्यांच्यातले अंतर एका कलेनेही बदलत नाही. मात्र तो श्लोक अनर्थसूचक, विपरीत घटनांच्या मालिकेत येतो. अशा वर्णनावरून कालनिश्चिती करणे मला ग्राह्य वाटत नाही.

राहिला प्रश्न पुण्यातून पाहण्याचा. अरुंधतीची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, सुमारे ५५ अंश उत्तर आहे आणि पुणे १८.५ अक्षांशावर, म्हणून येथे ती उगवते आणि मावळते, दिवसातले जवळजवळ सोळा तास क्षितिजावर असते आणि सर्वाधिक उंची ५३ अंशांपर्यंत गाठते. मे महिन्याच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास आणि महिनाअखेरीस साडेनऊला ती उत्तरेला या उंचीवर येते. जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधीचे हे आठवडे सर्वांत चांगले. याच मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला मात्र ती क्षितिजाखाली असते आणि अडीचच्या सुमारास उगवते, तेव्हा आपल्या लग्नातले दर्शन श्रद्धेचेच होते. नोव्हेंबरच्या शेवटी तर ती सूर्यास्तापूर्वीच मावळते आणि मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या आसपास पुन्हा उगवते, त्यामुळे मार्गशीर्षातल्या लग्नात संध्याकाळी सप्तर्षी शोधण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीच्या मध्यात ती रात्री साडेआठला उगवते, पण पहिले दोन तास थांबावे. क्षितिजापासून दहा अंशांवर असताना हवेचा जाड थर तिचे तेज एका प्रतीहून अधिक कमी करतो.

जागा निवडताना दिशेचा विचार करावा. पानशेत किंवा वेल्ह्याकडे गेल्यास पुण्याचा उजेड उत्तरेच्या बाजूलाच येतो. त्यापेक्षा जुन्नरच्या परिसरात गेल्यास शहर पाठीमागे राहते आणि उत्तरेचे आकाश बरेच काळे मिळते. डोळ्यांना वीस मिनिटे काळोखाची सवय होऊ द्यावी, मोबाईल बंद ठेवावा, आधी वसिष्ठावर नजर स्थिर करावी आणि मग ती किंचित बाजूला न्यावी. नजरेच्या मध्याबाहेरचा भाग अंधुक प्रकाश अधिक चांगला टिपतो, त्यामुळे अरुंधती एकदम उमटते. स्थूल वस्तू आधी दाखवून सूक्ष्माकडे नेण्याच्या ज्या पद्धतीला शास्त्रग्रंथांत अरुंधतीन्याय म्हणतात, तीच पद्धत दुर्बिणीवरही उपयोगी पडते.

तीन इंची दुर्बीण मिळाली तर वसिष्ठाचे दोन घटक आणि थोड्या अंतरावर अरुंधती एकाच दृष्टिक्षेत्रात दिसतात. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थेच्या आकाशदर्शनाला गेल्यास हे दृश्य सहज पाहता येईल. त्याच वेळी या दोघांसोबत त्रिकोण करणारा आठव्या प्रतीजवळचा आणखी एक बिंदू दिसेल आणि तो अरुंधतीचा सोबती असावा असे आपल्याला वाटेल. तसे नाही. तो तांबडा बटुतारा अशा दुर्बिणीच्या आवाक्यात येत नाही. हा बिंदू १७२२ मध्ये जर्मनीतील योहान लिबक्नेख्ट यांना दिसला होता, त्यांनी त्याला नवा ग्रह समजून आपल्या राज्यकर्त्याचे नाव दिले. प्रत्यक्षात तो वसिष्ठ-अरुंधतीच्या कितीतरी मागे असलेला, त्यांच्याशी कोणताही संबंध नसलेला साधा तारा आहे.